टर्बो गाडी आयडलला मिसिंग मारतेय, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय. व्हॉल्व्ह वाकला, जळला की पिस्टनच्या रिंगा गेल्या?

घाटरस्ता | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

गाडी १.८ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), २०१४ ची, मॅन्युअल गिअर, ९४ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात "तरी सांगत होतो जपानी घे" सुरू होतं. दोन वर्षांपूर्वी रिमॅप केली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून घेतला. मूळची १८० अश्वशक्ती, ट्यूनरच्या म्हणण्याप्रमाणे आता २३०. टर्बो तोच, इंटरकूलर तोच.

गेल्या महिन्यात खंबाटकी चढून वर आलो, चहाला थांबलो आणि आयडलला गाडी थरथरायला लागली. इंजिनचा दिवा लुकलुकला. स्कॅनरवर पी-०३०३, म्हणजे ३ नंबर सिलिंडर मिसफायर. गंमत म्हणजे २५०० आरपीएमच्या वर गेलं की सगळं गुळगुळीत. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) पूर्ण येतो, धूर नाही, ऑइल खात नाही, कूलंट कमी होत नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग: ३ ची कॉइल १ ला टाकली, मिसफायर ३ लाच राहिला. तरी गॅरेजवाल्याने चारही कॉइल नव्या घातल्या. प्लग नवे. टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली. एकूण २१ हजार गेले, फरक शून्य. शेवटी काल कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजलं: १२, १२, ४.५, ११.५ बार.

गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, रिमॅपने पिस्टन गेला. इंजिनच बदला." २ लाख ८० हजारांचा अंदाज दिलाय. मला मात्र व्हॉल्व्हचा संशय आहे. हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) न उतरवता नक्की कसं कळेल?

---

काडीपेटी | सोमवार, रात्री १०:५२

१८० पुरत नव्हती का हो पुण्यात? कर्वे रोडला २३० वापरता कुठे?

---

लूनावाला | सोमवार, रात्री ११:०५

आमच्या लूनाला व्हॉल्व्हच नव्हता, त्यामुळे वाकायचा, जळायचा प्रश्नच नाही. टू-स्ट्रोक जिंदाबाद. (हलकं घ्या.)

---

उद्यमनगरकर | मंगळवार, सकाळी ७:१५

भावा, इंजिन बदल म्हणणाऱ्याला आधी एक विचार. कॉम्प्रेशन मोजल्यावर त्या ३ नंबरात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलंस का? नसशील तर अर्धीच परीक्षा झाली.

ऑइल घातल्यावर आकडा चढला, ४.५ चा ८-९ झाला, तर रिंगा किंवा सिलिंडर. ऑइल तिथं तात्पुरतं पॅकिंग करतंय. आकडा हलला न्हाई, तर गळती वरच्या अंगाला हाय. वॉल न्हाईतर गॅस्केट. मोजताना बॅटरी फुल चार्ज पायजे, चारी प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पेट्रोल बंद. डायरेक्ट इंजेक्शनला पेट्रोल बंद केल्याशिवाय सेल मारू नको, सिलिंडर धुऊन निघतंय.

दुसरं, गाडी आयडलला सोडून सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धर. चांगल्या इंजिनचा वारा एकसारखा बाहेर येतोय. एक्झॉस्टचा वॉल जळला असला की कागद मधेच आत ओढल्यागत करतोय. आमचे उस्ताद ह्याच्यावर निम्मं निदान करायचे, स्कॅनर वगैरे काय नव्हतं तेव्हा. टर्बो असल्यावर हे जरा मिळमिळीत दिसतंय, पण बघायला पैसे पडत न्हाईत.

---

तीनचाकी | मंगळवार, सकाळी ८:०३

उद्यमनगरकर, +१. आमच्याकडे सीएनजीच्या गाड्यांना हे नेहमीचंच. सीएनजी कोरडं इंधन, व्हॉल्व्हची सीट (तो ज्या कड्यावर टेकतो ती) झिजत जाते, व्हॉल्व्ह वर वर सरकतो आणि टॅपेटची फट संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि त्या फटीतून निघणाऱ्या आगीने कड जळते. रिक्षावाला येतो तेव्हा तक्रार एकच: "सकाळी मिसिंग मारते, पळवली की बरी होते." धागाकर्त्याचं "२५०० च्या वर गुळगुळीत" वाचूनच मला व्हॉल्व्ह वाटला. वेगात गळायला वेळच मिळत नाही. आयडलला भरपूर मिळतो.

---

बाराखडी | मंगळवार, सकाळी ९:३०

व्हॉल्व्ह, वॉल, वॉल्व, व्हॉल्व्ह्ज. मराठीत झडप म्हणायला काय हरकत आहे?

---

लूनावाला | मंगळवार, सकाळी ९:३४

झडप गॅरेजवाल्याने घातलीय, २ लाख ८० हजारांवर.

---

काडीपेटी | मंगळवार, सकाळी ९:४१

लोल. धागा इथेच बंद करा.

---

टेस्टबेंच | मंगळवार, दुपारी १:२०

मी श्टुटगार्टला इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून दोन शब्द.

तीनचाकी यांचं सीएनजीबद्दलचं बरोबर आहे, पण या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर असणार. ते फट स्वतःच सांभाळतात, त्यामुळे टॅपेट टाइट होऊन जळण्याची शक्यता कमी. ट्यून केलेल्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत पहिला संशयित खरं तर पिस्टनच असतो. कमी आरपीएमला जास्त टॉर्क मागितला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि दोन रिंगांमधली पिस्टनची पट्टी तुटते. म्हणजे गॅरेजवाला काही अगदीच हवेत बोलत नाहीये. फक्त त्याने मोजलं नाही.

शक्यता अशा. व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन एखादा दात सरकली असती तर चारही सिलिंडरचे आकडे पडले असते. पडलेत फक्त एकाचे, म्हणजे टायमिंग सोडून द्या. रिंग किंवा पिस्टन असेल तर सहसा ऑइल खाणं, ऑइलच्या झाकणातून जोरात वाफ, निळा धूर यांतलं काहीतरी दिसतं. गॅस्केट असेल तर बहुतेक वेळा कूलंट किंवा शेजारचा सिलिंडर साक्ष देतो. उरतो व्हॉल्व्ह. तो वाकलाय, जळलाय, की डायरेक्ट इंजेक्शनच्या नेहमीच्या काजळीमुळे इनटेकचा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, हे पुढचं.

उद्यमनगरकरांची ऑइलची परीक्षा करा, मग लीक-डाउन करा. ३ नंबर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि किती टक्के गळते ते मोजायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठून गळते ते कानाने ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थ्रॉटलमधून आली तर इनटेक. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, पण तिथून थोडी हवा चांगल्या इंजिनातही येते, घाबरू नका. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा.

एक इशारा. ८२-८३ मिमीच्या पिस्टनवर ६ बार हवा म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास जोर. पिस्टन अगदी वरच्या टोकावर नसेल तर क्रँक गर्रकन फिरतो. पाना पुलीवर लावून त्याच्या वाटेत हात ठेवणारे मी पाहिलेत, नंतर प्लॅस्टरमध्येही पाहिलेत.

---

घाटरस्ता | मंगळवार, रात्री ९:५५

ताई, दादा, खूप आभार. ऑइल घालून मोजलं. ४.५ चं ५ झालं, बास. म्हणजे रिंगा नाहीत ना?

कागदाची पट्टीही धरली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनने विचारलं, काय करताय साहेब. म्हटलं, गाडीची नाडी बघतोय. कागद थरथरत होता आणि मधूनमधून खरंच आत जायचा. पण माझा हात थरथरत होता की कागद, देव जाणे.

---

शांतताराखा | मंगळवार, रात्री १०:१०

अवांतर प्रश्न. ही तीच गाडी का, जी सिग्नलला अॅक्सिलरेटर सोडला की फटाके फोडते? आमच्या रस्त्यावर अशी एक आहे. माझी आई दर वेळी दचकते.

---

घाटरस्ता | मंगळवार, रात्री १०:१८

अं... फटाक्यांचा मॅप आहे, हो. पण मी सिग्नलला सोडत नाही. फारसा.

---

टेस्टबेंच | मंगळवार, रात्री ११:३०

हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत?

फटाक्यांचा मॅप म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर जिथे मूळ प्रोग्रॅम इंधन बंद करतो, तिथे इंधन चालू ठेवायचं आणि ठिणगी खूप उशिरा द्यायची. मिश्रण सिलिंडरमध्ये जळायचं ते एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह उघडल्यावर बाहेर जळतं. तो आवाज तुम्हाला आवडतो. व्हॉल्व्हला आवडत नाही, कारण जळणारा वायू त्याच्या मानेवरून जातो.

एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह थंड होतो मुख्यतः सीटवर टेकल्यावर. अंगातली बहुतेक उष्णता तो तिथून हेडला देतो, थोडी दांड्यातून गाइडला, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिला. अनेक टर्बो इंजिनांत त्याचा दांडा पोकळ असतो आणि आत थोडा सोडियम भरलेला असतो. सोडियम ९८ अंशांच्या आसपास वितळतो आणि व्हॉल्व्ह वरखाली होताना आत हिंदकळत उष्णता डोक्याकडून दांड्याकडे नेतो. एवढी सोय असूनही सीटवर टेकणं कुठे एका जागी बिघडलं की ती जागा तापते, तापली की वाकडी होते, वाकडी झाली की आणखी गळते. एकदा सुरू झालं की थांबत नाही.

---

काडीपेटी | बुधवार, सकाळी ८:२०

ई-२० पेट्रोलबद्दल कोणीच बोलत नाहीये! २०२५ पासून सगळीकडे तेच मिळतंय. माझ्या ओळखीत तिघांच्या गाड्यांची वाट लागली. हा व्हॉल्व्ह इथेनॉलनेच जाळलाय, लिहून ठेवा.

---

तीनचाकी | बुधवार, सकाळी ८:४४

आलं इथेनॉल. आता राजकारण येणार, मग धागा कुलूपबंद.

---

टेस्टबेंच | बुधवार, दुपारी १२:५०

येऊ देऊ नका. इथेनॉल जाळत नाही, उलट बाष्पीभवन होताना सिलिंडर थंड ठेवतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप धडाक्याने पेटणं) कमी करतं. अडचण वेगळीच आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के इंधन जास्त सोडायला हवं. मूळ अवस्थेतली गाडी ते जुळवून घेते, कारण पंपात आणि इंजेक्टरमध्ये तेवढी जागा शिल्लक असते. ट्यूनरने ती शिलकी जागा आधीच वापरलेली असेल, तर पूर्ण बूस्टला रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला दाब) पडतं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

धागाकर्ते, तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ६००० पर्यंत पूर्ण अॅक्सिलरेटरचा जुना लॉग आहे का? मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), नॉकिंग जाणवल्यावर प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे ओढली गेली, हे बघायचंय. जुनाच द्या, आत्ता नवा काढायला जाऊ नका.

---

घाटरस्ता | बुधवार, रात्री ८:३०

मार्चमधला लॉग मिळाला. रेल प्रेशर मागितल्याइतकंच मिळतंय. लॅम्डा ठीक. पण ३ नंबरची ठिणगी ४-५ अंश मागे ओढलीय, बाकीच्यांची १-२. तेव्हा मी लक्षच दिलं नव्हतं.

आणि आता एक कबुली. परवा बायकोने विचारलं, "तू त्यांना दादाचं सांगितलंस का?" तर दादाचं असं की, दिवाळीत मेव्हण्याने गाडी चालवायला घेतली होती. तिसऱ्यातून चौथा टाकताना दुसरा टाकला. काटा लाल रेषेच्या पार गेला. एक सेकंद असेल. आम्ही दोघांनी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

---

लूनावाला | बुधवार, रात्री ८:३३

धाग्याचं शीर्षक बदला: "माझा मेव्हणा आणि माझे सोळा व्हॉल्व्ह".

---

काडीपेटी | बुधवार, रात्री ८:३५

केस सुटली. मेव्हणा. ई-२० वरचा माझा आरोप मागे.

---

उद्यमनगरकर | बुधवार, रात्री ९:०२

थांबा जरा, सगळे फाशी द्यायला निघालाय. चुकीचा गिअर पडला तर इंजिन इतकं जोरात फिरतंय की स्प्रिंगला वॉल वेळेत ओढून घ्यायला जमत न्हाई, आणि पिष्टन येऊन वॉलला धडकतोय. पण मग तो त्याच दिवशी वाकला असता. गाडी दिवाळीपासून सहा-सात महिने झकास पळाली आणि खंबाटकीत रुसली, हे पटत न्हाई. शिवाय धडक झाली असती तर पिष्टनच्या डोक्यावर नखाच्या चंद्रकोरीसारखी खूण असणार. दीड हजाराचा शेपटीवाला कॅमेरा मिळतोय, मोबाइलला लागतोय. प्लगच्या भोकातून घाल आणि बघ. खूण दिसली तर मेव्हण्याकडनं वसूल कर.

---

आजीचीफियाट | गुरुवार, सकाळी ६:५०

गाड्यांतलं काही कळत नाही, पण हा धागा रोज वाचतेय. मेव्हण्याचं काय झालं?

---

घाटरस्ता | शनिवार, संध्याकाळी ७:१५

आज दुसऱ्या गॅरेजात लीक-डाउन केलं. ३ नंबरला ७० टक्के गळती. बाकीचे ८ ते १२ मध्ये. सायलेन्सरमधून फुसफुस येत होती पण अगदी हलकी. थ्रॉटलपाशी शांत. ऑइलच्या झाकणातून किंचित. कूलंटमध्ये बुडबुडे नाहीत.

पण घोळ असा: २ नंबरच्या प्लगच्या भोकातूनही हवा येतेय! मेकॅनिक म्हणतो, २ आणि ३ च्या मधली गॅस्केट फाटलीय, व्हॉल्व्ह-बिल्व्ह काही नाही. आता काय?

---

टेस्टबेंच | शनिवार, संध्याकाळी ७:४०

१ नंबरच्या भोकावर हात ठेवून बघितला का?

---

घाटरस्ता | शनिवार, संध्याकाळी ७:५८

फोन करून विचारलं, गाडी अजून तशीच उघडी होती. १ मधून तर २ पेक्षाही जास्त येतेय. ४ मधून काहीच नाही. हे काय गौडबंगाल?

---

टेस्टबेंच | शनिवार, रात्री ८:२५

गौडबंगाल नाही, उत्तर मिळालं.

या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. ३ नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो तेव्हा १ नंबर त्याचा जोराचा धक्का संपवून खाली पोचलेला असतो, त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडलेला असतो. २ नंबर एक्झॉस्ट संपवून वर आलेला असतो, त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत आलेला, पण पुरता टेकलेला नसतो. ४ नंबर हवा आत घेऊन खाली पोचलेला, त्याचा एक्झॉस्ट बंद.

आता ३ च्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून हवा निसटली की ती एक्झॉस्टच्या सामाईक खोलीत येते. तिथून टर्बो आणि कॅटमधून (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागे सायलेन्सरपर्यंत जाण्यापेक्षा तिला जवळचा रस्ता १ च्या उघड्या व्हॉल्व्हमधून वर प्लगच्या भोकात मिळतो. थोडी २ च्या फटीतून येते. ४ चं दार बंद, तिथे काही नाही. तुम्ही सांगितलेल्या गोष्टीशी हे तंतोतंत जुळतं.

गॅस्केट २ आणि ३ च्या मध्ये फाटली असती तर १ मधून हवा कुठून आली असती? आणि २ चं कॉम्प्रेशन १२ कसं राहिलं असतं? फाटलेल्या भिंतीला दोन्ही खोल्यांत गळती असते.

खात्री हवी तर टर्बोच्या आधीचा, इंजिनकडचा लॅम्डा सेन्सर काढून त्या भोकाला नळी लावा आणि ऐका. टर्बो गाडीत मागे सायलेन्सरशी ऐकणं म्हणजे भिंतीपलीकडचं भांडण ऐकणं.

---

उद्यमनगरकर | शनिवार, रात्री ८:४०

ताई, दंडवत. चाळीस वर्षं हेडं उतरवली, हवा १ मधून येते हे बघितलंय कैकदा, पण का येते ह्याचा हिशेब कधी मांडला न्हवता.

---

बाराखडी | शनिवार, रात्री ९:१०

मला यातलं पहिल्यांदाच काहीतरी कळलं. बंद दार, किलकिलं दार, उघडं दार. वाचनखूण साठवली.

---

घाटरस्ता | रविवार, दुपारी ४:००

शेपटीवाला कॅमेरा आला. पिस्टनचं डोकं स्वच्छ आहे. काळं आहे, पण चंद्रकोर नाही, ओरखडा नाही. मेव्हण्याला फोटो पाठवला. त्याने उत्तरात फक्त हात जोडलेले पाठवले, मग दहा मिनिटांनी "मिसळ तुझ्याकडून".

मग कॅमेऱ्याचं तोंड आरशाने वर वळवलं. एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह आहेत. एक सगळीकडून सारखा तपकिरी. दुसऱ्याच्या कडेला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, एक फिकट पांढुरकी पाचर, आणि तिच्या टोकाशी कड चक्क नाहीये. उंदराने भाकरी कुरतडावी तसं.

---

तीनचाकी | रविवार, दुपारी ४:१२

जळलेला. शंभर टक्के. हेड उतरवा.

---

काडीपेटी | रविवार, दुपारी ४:२०

मेव्हणा निर्दोष सुटल्याने वाचकांची घोर निराशा झाली आहे.

---

उद्यमनगरकर | रविवार, संध्याकाळी ६:३०

हेड उतरल्यावर एवढं बघ. उलटं ठेवायचं, प्लग लावलेले, आणि चारी खळग्यांत रॉकेल ओतायचं. कुठल्या पोर्टातनं झिरपतंय ते दिसतंय. गाइडमधली ढिलाई हलवून बघ, गाइड झिजलं असलं तर नवा वॉलसुद्धा वाकडाच बसणार आणि वर्षात परत जळणार. सीट कापायला चांगला लेथवाला बघ, तीन कोनांत कापणारा. नुसतं पावडर लावून घासून देणाऱ्याकडं जाऊ नको, मऊ लागतंय पण टिकत न्हाई. एक्झॉस्टचे आठही वॉल नवे घे. सात चांगले दिसतात म्हणून ठेवायचे न्हाईत, त्यांनीपण तीच आग खाल्लीय. हेड सरळ आहे का ते पट्टी लावून बघ, गॅस्केट नवी, हेडचे बोल्ट नवे. ते ताणून बसवायचे असतात, दुसऱ्यांदा वापरत न्हाईत.

आणि जुना वॉल आतनं बघायचा म्हणून करवतीनं कापू नको. आत सोडियम असला आणि पाणी लागलं तर भडका उडतोय.

---

आजीचीफियाट | रविवार, संध्याकाळी ७:०५

आमच्या आजोबांच्या गाडीचं हेड ते स्वतः उतरवायचे, अंगणात, सतरंजीवर. बाजूला आजी वाटीत नट-बोल्ट धरून बसायची. एकदा एक बोल्ट हरवला आणि महिन्याने लोणच्याच्या बरणीत सापडला. एवढंच सांगायचं होतं.

---

लूनावाला | रविवार, संध्याकाळी ७:२०

या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

---

टेस्टबेंच | रविवार, रात्री १०:१५

घाटरस्ता, व्हॉल्व्ह बदलाल, पण तो ३ मध्येच का जळला हे शोधल्याशिवाय हेड बसवू नका. फटाक्यांचा मॅप चारही सिलिंडरना सारखाच तापवतो. मार्चच्या लॉगमध्ये ३ ची ठिणगी जास्त मागे ओढलेली होती, म्हणजे तो तेव्हाच त्रासात होता. चारही इंजेक्टर काढून बाकावर तपासा, किती सोडतात ते मोजून. टाकीत बाटली ओतणं म्हणजे तपासणी नाही.

लॅम्डा सेन्सर चौघांचा धूर एकत्र हुंगतो. एक उपाशी आणि तिघे किंचित जास्त जेवलेले असले की त्याला सरासरी ठीकच दिसते.

---

घाटरस्ता | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ९:४५

धागा वर काढतोय. शेवट सांगायचा राहिला होता.

ताई बरोबर होत्या. ३ नंबरचा इंजेक्टर बाकीच्यांपेक्षा १४ टक्के कमी सोडत होता, आणि फवारा एका बाजूला वाकडा. म्हणजे बूस्टमध्ये तो एकटा सिलिंडर कायम पातळ मिश्रणावर, वरून माझे फटाके, वरून जास्तीचा टॉर्क. मी गेली दोन वर्षं त्याला उपाशी ठेवून पळवत होतो.

इनटेकच्या व्हॉल्व्हवर काजळीचा थर इतका की पहिल्यांदा मला वाटलं रबराचं काहीतरी अडकलंय. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल त्यांच्यावरून वाहतच नाही, धुणार कोण? लेथवाल्याने अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ केले. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "अक्रोड एवढे महाग झालेत आणि तुम्ही इंजिनला खायला घालताय?"

खर्च: आठ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, दोन गाइड, सीट कटिंग, गॅस्केट, बोल्ट, एक नवा इंजेक्टर, मजुरी मिळून ७४ हजार. आधीचे २१ हजार अक्कलखाती. इंजिन बदलायचे २ लाख ८० हजार वाचले.

नवं कॉम्प्रेशन: १२, १२, १२, ११.५. गाडी आयडलला इतकी शांत की सिग्नलला दोनदा वाटलं बंद पडली.

कागदाची पट्टी परत धरली. एकसारखी बाहेर उडते. हात तसाच थरथरतो.

---

उद्यमनगरकर | गुरुवार, रात्री १०:०२

नादखुळा! जुना वॉल टाकलास का? अख्खा ठेव, कापू नको.

---

घाटरस्ता | गुरुवार, रात्री १०:१०

टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. मेव्हणा येतो तेव्हा मुद्दाम त्याच्यासमोर ठेवतो, तो मुद्दाम बघत नाही. मिसळ झाली, दोन प्लेट जास्तच झाल्या.

---

टेस्टबेंच | गुरुवार, रात्री ११:२०

अभिनंदन. पहिले हजार किमी सांभाळून, मग एकदा कॉम्प्रेशन परत मोजा आणि आकडे इथे टाका.

आणि रिमॅपचं काय केलंत? मूळ प्रोग्रॅम परत टाकला ना?

---

शांतताराखा | गुरुवार, रात्री ११:२४

आईसुद्धा हेच विचारतेय.

---

घाटरस्ता | गुरुवार, रात्री ११:३१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)